बगळ्याची मान

संक्रांतीच्या वाणाला यंदा स्टीलच्या वाट्या द्यायच्या, हे सुमनबाईंनी दिवाळीतच ठरवून टाकलं होतं. ठरलं तसंच झालं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सिडकोतल्या चाळीस स्वयंपाकघरांतलं बरंच शेंगदाणा तेल वाचलं असतं. पण डिसेंबरात प्रफुल्लच्या कंपनीने त्याला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं, आणि तिथून तो वेगळाच माणूस होऊन परत आला.

प्रफुल्ल हा सुमनबाईंचा एकुलता एक मुलगा. अंबडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आठ वर्षं तो कुकरच्या दांड्यांची आणि वॉशरांची ड्रॉइंग काढत होता आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. शिबिराचा विषय होता 'सौंदर्य आणि डिझाइन'. खादीचा झब्बा घातलेल्या एका पाहुण्याने पडद्यावर शिंपले, पानं आणि पक्षी दाखवले आणि शेवटी सांगितलं, की निसर्गात जे सुंदर असतं ते कामाचंही असतंच. प्रफुल्लने हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरी आल्यावर त्याला घरातली एकही वस्तू बघवेना.

"आई, हा सांडशीचा आकार बघ," तो म्हणाला. "काय बेंगरूळ दिसते!"

"सांडशीला काय दाखवायला बसवायचंय?" सुमनबाई म्हणाल्या.

"आणि ही गाळणी? हा काय रंग आहे?"

पोपटी प्लॅस्टिकची ती गाळणी म्हणजे सुमनबाईंचं गेल्या वर्षीचं वाण. दिसायला अत्यंत वाईट होती, पण गल्लीतल्या प्रत्येक घरातला चहा रोज तिच्यातूनच गाळला जात होता. सुमनबाईंनी ती मुलाच्या हातातून काढून घेतली आणि जागेवर टांगली.

"वाणाला नावं ठेवू नयेत. वाण म्हणजे खेळ नाही, प्रफुल्ल. हळदीकुंकू पुसून जातं, तिळगूळ पोटात जातो. वाण वीस वर्षं ओट्यावर राहतं. दर वेळी हातात घेतलं की देणारीचं नाव निघतं. आणि यंदा ते भाग्यश्रीचं निघणार आहे."

तेच तर खरं होतं. भाग्यश्री या घरात मे महिन्यात आली होती, पिंपळगाव बसवंतहून. लग्नानंतरची तिची ही पहिली संक्रांत. काळी साडी आली होती, हलव्याचे दागिने सांगून झाले होते, आणि वाण तिच्या नावाने लुटायचं होतं. नव्या सुनेला कॉलनी अजून 'सुमनबाईंची सून' एवढंच ओळखत होती. हळदीकुंकवानंतर तिला स्वतःचं नाव मिळणार होतं.

"म्हणूनच तर!" प्रफुल्ल उसळून म्हणाला. "वाटी बघून कुणाला नाव आठवतंय? वाटी ती वाटी. मी भाग्यश्रीसाठी वाण डिझाइन करतो."

सुमनबाईंनी आधारासाठी नवऱ्याकडे पाहिलं. प्रफुल्लचे वडील एसटीत होते आणि घरातल्या वादाच्या वेळी ते नेहमी ड्युटीवरच असत. त्या वेळी तर ते समोरच्या खुर्चीत बसले होते, तरीही ड्युटीवर होते.

प्रफुल्लने चार रात्री बसून तेलाची झारी काढली. लग्नानंतर तो आणि भाग्यश्री नांदूरमधमेश्वरला पक्षी बघायला गेले होते. तिथे एक बगळा पाण्यात उभा होता. त्याची मान वर जाऊन अलगद खाली वळली होती, आणि भाग्यश्री म्हणाली होती, "काय सुंदर मान आहे ओ!" तिने लग्नानंतर आपणहून उच्चारलेलं ते पहिलं मोठं वाक्य होतं. तीच मान त्याने झारीला दिली. पितळेचा गोल पोटाचा गडू, तळापासून निघालेली बारीक तोटी, ती वर चढून झोकदार वळण घेऊन चोचीसारखी खाली आलेली. ड्रॉइंग बघून भाग्यश्री लाजली आणि सुमनबाईंनी वाट्यांचं नाव काढणं सोडलं.

भांडी बाजारामागे वाल्मीकअण्णांचं दुकान होतं. पस्तीस वर्षं ठोकाठोकी केल्यामुळे त्यांना ऐकू थोडं कमी येई, पण दिसत सगळं होतं. त्यांनी ड्रॉइंग उजेडात धरलं.

"साहेब, तोटी लय खाली आलीय. तोटीचं तोंड काठाच्या वर पायजे."

"अण्णा, ती बगळ्याची मान आहे."

"बगळा मान खाली घालतो ते मासा खायला. तेल वाढायला नाय."

"निसर्गात चूक नसते, अण्णा."

"निसर्गात नसंल, पितळात असते. असं करू, आधी एक बनवतो. पाणी घालून बघू, मग बाकीच्या."

"पाणी नको. पॉलिशला डाग पडतील."

वाल्मीकअण्णांनी ड्रॉइंगची घडी घातली. शिकलेल्या गिऱ्हाइकाशी दोनदाच बोलायचं, तिसऱ्यांदा हातोडी उचलायची, असा त्यांचा नियम होता. त्यांनी एक्केचाळीस झाऱ्या बनवल्या. चाळीस वाणाच्या आणि एक घरची.

हळदीकुंकवाच्या दिवशी त्या झाऱ्या पाटावर ओळीने मांडल्या तेव्हा खरोखरच बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं दिसत होतं. बायका उखाणे विसरल्या. कुणी मान कुरवाळली, कुणी चोचीला बोट लावलं. "अगं बाई, ही तेलात कशाला घालायची? शोकेसमध्येच ठेवते," असं तिघी जणी म्हणाल्या. त्यांनी खरंच तसं केलं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या विमलाबाई, निवृत्त विज्ञानशिक्षिका, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून झारी बाजूने पाहिली, "हं" म्हणाल्या आणि पिशवीत टाकली. देवळाबाहेर फुलं आणि बेल विकायला बसणारी मखमलाबादची कुसाबाईही आली होती. तिनेही पदर पसरून वाण घेतलं आणि म्हणाली, "लय गुणाची हाय गं सून. नाव काय म्हनली?"

"भाग्यश्री," सुमनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाग्यश्रीने घरच्या झारीत तेल भरलं, पोह्यांच्या फोडणीला वाकवून कढईत धार धरली आणि झारी कौतुकाने ओट्यावर ठेवली. मग पोहे झाले, चहा झाला, प्रफुल्लचा पेपर वाचून झाला. पाऊण तासाने ती ओट्याशी गेली आणि तिथूनच ओरडली.

"अहो, इकडं या! ही थांबत नाय!"

भाग्यश्री घाबरली की पिंपळगावची बोली बोले. झारी ओट्यावर सरळ उभी होती, कुणाचाही हात लागलेला नव्हता, आणि बगळा शांतपणे तेल ओकत होता. थेंब, थेंब, थेंब. ओट्यावरून तेल खालच्या फळीवर उतरलं होतं आणि फळीवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तिचे हलव्याचे दागिने होते. हार, बाजूबंद, बिंदी, सगळं तेलात बसलं होतं.

प्रफुल्लने झारी उचलली, हलवली, तिच्यावर फुंकर मारली. तेवढ्यात दारात विमलाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं आणि चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी तास मिळाल्याचा आनंद.

"मिनिटाला शंभर थेंब," त्या म्हणाल्या. "मी तीनदा मोजले. प्रफुल्ल, नववीत विज्ञान कोण शिकवत होतं तुला?"

"तुम्हीच, बाई."

"मग वक्रनलिका?"

प्रफुल्लने मान खाली घातली, अगदी झारीसारखी. "ती मी ऑप्शनला टाकली होती, बाई."

विमलाबाईंनी ओट्यालाच फळा केलं. नळी वर जाते, मग वळून खाली येते, तिचं तोंड आतल्या तेलापेक्षा खाली असतं. एकदा झारी वाकवली की नळी भरते. मग झारी सरळ ठेवा नाही तर शिंक्यात टांगा, आतलं तेल चोचीच्या खाली उतरेपर्यंत ती थांबत नाही. "सुंदर प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "मी शाळेत काचेच्या नळीने करून दाखवायचे. पितळेत पहिल्यांदाच पाहिला."

आता उरलेल्या एकोणचाळीस घरांत काय चाललं असेल, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं.

पण तक्रार घेऊन कुणीच आलं नाही. वाणाला नावं ठेवायची नाहीत हा नियम फक्त सुमनबाईंचाच नव्हता. बायका यायच्या त्या कौतुक करायला यायच्या, आणि ते कौतुक जास्त झोंबायचं. "झारी अगदी सढळ हाताची आहे हो," एक म्हणाली, आणि तिच्या साडीच्या निऱ्यांवर हातभर डाग होता. "आमच्याकडे ओटा कसा चकचकतोय," दुसरी म्हणाली. तिसरीचे यजमान स्वयंपाकघरात घसरून पाय मुरगळून घरी बसले होते. ती म्हणाली, "त्यांना बिचाऱ्यांना विश्रांती हवीच होती."

चौथ्या दिवशी भाग्यश्री भाजीच्या गाडीवर गेली. पलीकडच्या बाजूला दोघी जणी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांना ती दिसली नाही.

"आज तुमच्याकडे किती?"

"पावशेर भाग्यश्री झाली. तुमच्याकडे?"

"आमच्या ह्यांच्या ऑफिसच्या फायलीवरच भाग्यश्री सांडली. काय बोलायची सोय आहे का?"

भाग्यश्री भाजी न घेताच घरी आली आणि मोरीचं दार लावून रडली. सांडलेल्या तेलाला तिचं नाव पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं, दर वेळी तिचं नाव निघत होतं.

रात्री कुणालाच जेवण गेलं नाही. "सगळ्या झाऱ्या परत मागवतो," प्रफुल्ल म्हणाला. "नीट करून देतो."

"परत?" सुमनबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "लुटलेलं वाण उंबऱ्याबाहेर गेलं की परत उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि आपल्याच तोंडाने सांगायचं, की सुनेच्या पहिल्या वाणात खोट होती म्हणून?"

"मग उंबऱ्याबाहेरच दुरुस्त करू," एसटीतले वडील अचानक म्हणाले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच ड्युटीवरून उतरले होते, म्हणून सगळ्यांनी ते मानलं.

पुढच्या रविवारी कॉलनीच्या मोकळ्या मैदानात कडुनिंबाखाली वाल्मीकअण्णा भाता घेऊन बसले. प्रफुल्लने घरोघर सांगितलं, की वाणाच्या झारीला मोफत कल्हई करून मिळेल. कल्हईचं निमित्त, आणि तेवढ्यात अण्णांनी गुपचूप मान वर वाकवायची, असा बेत होता. बेत बरा होता, पण 'मोफत' या शब्दाचं वजन प्रफुल्लला कळलं नव्हतं. दहा वाजेपर्यंत झाऱ्यांबरोबर पातेली आली, परात आली, आजेसासूबाईंच्या वेळचा हंडा आला आणि एकाने तर अंघोळीचा बंब सायकलवर बांधून आणला.

"साहेब, तुम्ही झारी म्हनला व्हता," अण्णा नवसागराच्या धुरातून खोकत म्हणाले. "हितं तर अख्ख्या नाशिकचं पितळ आलंय."

"करा अण्णा, काय करणार?"

संध्याकाळपर्यंत भाता चालला. एकोणचाळीस माना तापवून वर वळवल्या गेल्या. बायका परत न्यायला आल्या तेव्हा विचारू लागल्या, "हिचं तोंड असं का झालं?" अण्णा गंभीरपणे सांगत, "थंडीतलं पितळ हाय बाई, तापलं की मान वर करतं." आता त्या झाऱ्या बगळ्यासारख्या दिसत नव्हत्या, शिंक येता येता अडकलेल्या माणसासारख्या दिसत होत्या. पण गळत नव्हत्या. एक कुसाबाई तेवढी आली नव्हती, ती लेकीकडे चांदवडला गेली होती.

"आता घरची द्या," अण्णा म्हणाले.

"ती नाही द्यायची," भाग्यश्री म्हणाली.

सुमनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच कशाला तरी नाही म्हणत होती.

"आई, ती आपण तेलाला नाही वापरायची. पण मोडू नका. लय सुंदर हाय ओ ती."

प्रफुल्लने आपलं ड्रॉइंग आणून त्या झारीखाली पसरलं, राहिलेलं तेल टिपायला. त्या कागदाचा दुसरा कुठला उपयोग त्याला तरी दिसत नव्हता.

तीन आठवडे बरे गेले. मग महाशिवरात्रीच्या आधीचा सोमवार आला. सुमनबाई आणि भाग्यश्री कॉलनीच्या टोकाच्या महादेवाला गेल्या तर देवळाबाहेर ही रांग! पिंडीवरच्या जुन्या अभिषेकपात्राचं भोक झिजून मोठं झालं होतं, त्यातून थेंबाऐवजी धार लागे आणि गुरवाला दर पाच मिनिटांनी तांब्या घेऊन उठावं लागे. आता तिथे तिवईवर एक झारी बसली होती. पितळेचं गोल पोट, झोकदार मान, आणि चोच बरोब्बर पिंडीच्या माथ्यावर. थेंब पडत होते, एकासारखे एक. विमलाबाई आधीच पुढे उभ्या राहून घड्याळात बघत होत्या.

"मिनिटाला साठ," त्या डोळे न हलवता म्हणाल्या. "सेकंदाला एक. घड्याळ लावून घ्यावं."

"कुसाबाई, ही तुझी?" सुमनबाईंनी विचारलं.

"मला काय करायची तेलाची झारी? आमचं तेल पिशवीतनंच सपतं," कुसाबाई बेलाची जुडी बांधत म्हणाली. "वाण देवाला दिलं तर चालतं ना? पानी घातलं तर धार लागली. मग चोचीत दर्भाची काडी खोचली, झालं बराबर. एकदा वाकडी करून ठिवली की तासभर बघायलाच नको." मग तिने रांगेकडे तोंड करून सगळ्यांना सांगितलं, "ही भाग्यश्री हाय. सुमनबाईंच्या सुनंनी दिलेली."

रांगेतली प्रत्येक बाई आपल्या घरच्या झारीचा विचार करत होती. घरोघरी शिवरात्रीला पिंडीवर अभिषेक होणार होता. संध्याकाळी पाच वाजल्यापासून सुमनबाईंच्या अंगणात गर्दी झाली. सगळ्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, नियम तो नियम.

"आमची पण अशीच होती हो, किती सुंदर! ती कल्हई करायला नेली आणि बिघडवून दिली."

"चांगल्या वाणाला कुणी हात लावायला सांगितला होता?"

"पुरुषांनी बायकांच्या वाणात पडूच नये," ज्यांच्या यजमानांचा पाय मुरगळला होता त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्लने वडिलांकडे पाहिलं. वडील ड्युटीवर गेले होते.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी कडुनिंबाखाली पुन्हा भाता लागला. वाल्मीकअण्णांनी पहिली झारी चिमट्यात धरली आणि थांबले.

"साहेब, मान किती खाली घ्यायची व्हती? नमुना पायजे. तुमचं ड्रॉइंग आना."

प्रफुल्लने ड्रॉइंग आणलं. तीन आठवडे तेल पिऊन तो कागद इतका पारदर्शक झाला होता, की त्यातून अण्णांना पलीकडचा कडुनिंब स्वच्छ दिसला, पण बगळा दिसला नाही.

"आता?" अण्णा म्हणाले.

भाग्यश्री घरी गेली आणि आपली झारी घेऊन आली. साऱ्या कॉलनीत बगळ्याची मान आता दोनच ठिकाणी उरली होती, एक देवाकडे आणि एक तिच्याकडे. सुमनबाईंनी घरातली हाताची खुर्ची आणून झाडाखाली ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "बस इथे. तूच बघून घे."

भाग्यश्री बसली. अण्णा मान तापवत, वाकवत आणि तिच्यासमोर धरत. ती आपल्या झारीशी ताडून बघे. "जरा खाली, अण्णा. अजून थोडी. बास." दोन माना तिने परत पाठवल्या, एक फार वाकली म्हणून आणि एक दिसायला बरी नाही म्हणून. अण्णांनी दोन्ही वेळा निमूट हातोडी उचलली. पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाचं ऐकून त्यांनी एवढं समाधानाने काम केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि पाणी घालून बघितल्याशिवाय एकही द्यायची नाही," भाग्यश्री म्हणाली.

"ऐकलं का साहेब?" अण्णा म्हणाले.

साहेबांनी ऐकलं. ते बादली आणि तांब्या घेऊन उकिडवे बसले. प्रत्येक झारीत पाणी, एकदा वाकवायची, सरळ ठेवायची, चोचीत काडी, मग दहा थेंब मोजायचे. पॉलिशवर पाण्याचे डाग पडत होते आणि ते कुणालाच वाईट दिसत नव्हते.

दुपारी पलीकडच्या सेक्टरमधल्या एक अनोळखी बाई आल्या. त्या झाऱ्यांची रांग बघून हरखून गेल्या.

"भाग्यश्री म्हणतात त्या ह्याच ना? मला दोन हव्यात. मान काय सुंदर काढलीय! डोकं कुणाचं हो?"

प्रफुल्लने तोंड उघडलं. खुर्चीत बसलेली भाग्यश्री एका मानेवरून बोट फिरवत होती, आणि नांदूरमधमेश्वरला हसली होती तशी हसत होती. त्याने तोंड मिटलं आणि खुर्चीकडे हात केला.

"त्या बसल्यात ना, त्यांचं."

"हो का! आणि तुम्ही काय करता?"

"मी," प्रफुल्ल पुढची झारी उचलत म्हणाला, "पाणी घालून बघतो."